इंझोरीपासून मोजलेली किंमत

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात इंझोरी आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशीवर जगणारा हा मुलूख. इथल्या माणसाचा आजारपणाचा खर्च दवाखान्याच्या केसपेपरआधीच सुरू होतो. त्याची दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. मानोरा किंवा कारंजा गाठायला एसटी, नाहीतर काळीपिवळी. तिथल्या डॉक्टरांनी ‘पुढे न्या’ म्हटलं की वाशीम, अकोला, अमरावती. तिथेही भागलं नाही तर नागपूर, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातून गेला आणि नागपूर तासांच्या हिशेबात जवळ आलं. गाडीभाडं मात्र रुग्णाच्याच खिशातून जातं. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असते. त्या दिवसांत छातीत दुखलं, गाठ हाताला लागली, लेकराचा ताप उतरेना, तरी घराघरात एकच उत्तर असतं: ‘माल घरात येऊ द्या, मग बघू.’ ते ‘मग’ कित्येकदा फार उशिरा येतं.

या लेखाचा प्रश्न इथूनच विचारायचा आहे. मुंबईत, हैदराबादेत किंवा कोपनहेगनमध्ये बसलेला, हाताशी कोट्यवधी रुपये असलेला माणूस आपला पैसा अशा कंपनीत का घालेल, जी आपला हिशेब या रुग्णापासून सुरू करते? जमीन आहे, सोनं आहे, सॉफ्टवेअर आहे. औषधं आणि उपकरणं यांत पैसा अडकून पडतो, सरकारी परवानग्यांना वर्षं लागतात आणि शेवटच्या चाचणीत सगळं फसू शकतं. त्यातही गरीब रुग्णासाठी काही करायचं म्हणजे किंमत कमी ठेवायची. तरीही काही जणांनी पैसा घातला आणि त्यातली महत्त्वाची उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत. माझं मत आधीच सांगतो. त्या गुंतवणूकदारांनी दया म्हणून पैसा घातला असं मला वाटत नाही. त्यांनी हिशेबच केला, फक्त तो दुसऱ्या टोकापासून केला. आणि तो हिशेब अजून इंझोरीपर्यंत पोचलेला नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी आपल्या खिशाचं बोलू. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण पाचातले दोन रुपये आजही रुग्णाच्या घरातूनच जातात. या आकड्यात बुडालेली मजुरी नाही, सावकाराचं व्याज नाही, विकलेली शेळी नाही. सरकारी निकषानुसार सपाटीवरच्या भागात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय हवं. कागदावरची ही उतरंड चांगली आहे. अडचण अशी, की आजाराचं नेमकं निदान करणारी यंत्रं आणि ती वाचणारी माणसं उतरंडीच्या वरच्या टोकाला बसलेली असतात आणि रुग्ण खालच्या.

आता नवी मुंबईतली एक गोष्ट. राहुल पुरवार हे शास्त्रज्ञ २०१३ मध्ये अमेरिकेतून परतून आयआयटी मुंबईत रुजू झाले. रक्ताच्या कर्करोगावर तेव्हा तिकडे एक नवा उपचार आकाराला येत होता. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशींना ओळखू लागतात. मग त्या वाढवून पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. याला कार-टी उपचार म्हणतात. अमेरिकेत या जातीच्या पहिल्या उपचाराला ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळाली. किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, आजच्या दराने चार कोटी रुपयांच्या आसपास.

पुरवार, त्यांच्या विद्यार्थिनी आणि पुढे सहसंशोधक झालेल्या अलका द्विवेदी, आणि टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉक्टर यांनी हा उपचार इथे नव्याने घडवायचं ठरवलं. खर्च कुठे होतो ते त्यांनी शोधलं. बदललेलं जनुक पेशीत पोचवायला निरुपद्रवी केलेला विषाणू वापरतात, त्याला व्हेक्टर म्हणतात. ५० रुग्णांना पुरेल इतका व्हेक्टर अमेरिकेत विकत घ्यायचा तर सुमारे ८ लाख डॉलर पडतात. या मंडळींनी तो स्वतःच बनवायला सुरुवात केली. पेशींवर बसवायचा रेणू त्यांनी माणसाच्या शरीराला अधिक मानवेल असा रचला, म्हणजे उपचारानंतर शरीरात उसळणारी धोकादायक प्रतिक्रिया सौम्य राहावी. ही रचना रुग्णाला सोसवेल म्हणून महत्त्वाची, आणि खर्चासाठीही तितकीच. कारण प्रतिक्रिया तीव्र झाली की अतिदक्षता विभागाचे दिवस वाढतात आणि बिलही.

२०१८ मध्ये इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी स्थापन झाली. माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि बायरॅक या त्याच्या उपक्रमाने १९ कोटींवर रक्कम मंजूर केली. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या टाटा केंद्रात पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. खाजगी गुंतवणूकदार आला तो यानंतर. नोव्हेंबर २०२१ मध्ये हैदराबादच्या लॉरस लॅब्जने ४६ कोटी रुपयांना कंपनीचा २६.६२ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. मान्यता अजून दूर होती आणि हाताशी असलेले रुग्ण मोजके होते.

लॉरसच का? मला यात त्या कंपनीचा पूर्वेतिहास दिसतो. लॉरस मोठी झाली ती एचआयव्हीच्या औषधांचे मूळ घटक बनवून. ही औषधं आफ्रिकेतल्या गरीब देशांत कोट्यवधी लोकांना द्यायची असतात. किंमत कमी, रुग्ण अफाट, आणि खरेदीदार म्हणजे सरकारं नि जागतिक निधी. स्वस्त औषधात पैसा असतो, अट एवढीच की ते शेवटच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, हे ज्या कंपनीने स्वतः जगून पाहिलं आहे तिला इम्युनोअ‍ॅक्टचा हिशेब वाचायला वेळ लागला नसणार. चार कोटींचं औषध भारतात फार तर काहीशे लोकांना विकता येईल. तेच दहा टक्क्यांत दिलं तर रुग्ण कितीतरी पटीने वाढतात, आणि आशिया-आफ्रिकेतले देशही दाराशी येतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या उपचाराला देशात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण केलं. किंमत ४० लाख रुपयांच्या आसपास, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहावा भाग. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त चाचण्यांचे निष्कर्ष आले: ७३ टक्के रुग्णांना उपचाराचा गुण आला. या सगळ्या रुग्णांवर आधीचे उपचार थकलेले होते. उपचाराशी निगडित मृत्यूही झाले. तेही सांगायला हवं, कारण असा उपचार घेणाऱ्याला आणि त्यात पैसा घालणाऱ्यालाही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे.

२०१३ ते २०२३, दहा वर्षं. गुंतवणूक निधींचं आयुष्य साधारण तेवढंच असतं. दहा वर्षांत लोकांचे पैसे नफ्यासह परत करायचे असतात. म्हणजे असा एखादा निधी पुरवार परतले त्याच दिवशी पैसे घेऊन उभा राहिला असता, तर मान्यतेचा कागद हाती येईपर्यंत त्याची मुदत संपली असती. म्हणूनच सुरुवातीची वर्षं सरकारी पैशाने आणि विद्यापीठाच्या छताखाली निघावी लागली. खाजगी भांडवलाचं धाडस सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो. तो गाळू नये. पहिला धोका करदात्याने घेतला, म्हणून पुढच्याला हिशेब मांडता आला.

आणखी मागे गेलं तर पुण्यात एक याहून साधी आणि माझ्या मते याहून मोठी गोष्ट सापडते. आफ्रिकेत सहारा वाळवंटाखालच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी येत. ‘अ’ गटाच्या जिवाणूमुळे होणारा हा रोग एकेका साथीत हजारो माणसं न्यायचा. लस बनवण्याचं शास्त्र माहीत होतं, पण मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना त्यात बाजार दिसत नव्हता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने गेट्स प्रतिष्ठानच्या ७ कोटी डॉलरच्या मदतीने एक प्रकल्प उभा केला. प्रकल्पाच्या लोकांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं: तुम्हाला किती परवडेल? उत्तर मिळालं, डोसाला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. मग त्या किमतीपासून उलटं येत लस कोण बनवेल याचा शोध सुरू झाला आणि तो हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटपाशी थांबला.

सीरम ही पूनावाला कुटुंबाची कंपनी, १९६६ साली सुरू झालेली. शेअर बाजारात नोंद नाही. त्यामुळे दर तीन महिन्यांनी कुणाला नफा दाखवायची सक्ती नाही. घरचा पैसा, घरचा निर्णय. जिवाणूचा अंश प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून पुण्यात आली आणि सीरमच्या लोकांनी ती कारखान्याच्या प्रमाणावर बसवली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये लसीकरण सुरू झालं. पुढे त्या पट्ट्यातल्या ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि ‘अ’ गटाचा मेंदूज्वर तिथून जवळपास दिसेनासा झाला. सीरमने यात गमावलं काय? काहीच नाही. संख्येने जगातली सर्वांत मोठी लस उत्पादक कंपनी म्हणून तिचं जे स्थान आहे, ते अशाच स्वस्त आणि अफाट संख्येच्या कामातून आलं.

‘रुग्ण केंद्रस्थानी’ हा शब्दप्रयोग आजकाल प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. माझ्यापुरती त्याची कसोटी मी या लसीवरून ठरवली आहे. किंमत आधी विचारली का? आणि ती कुणाला विचारली? ज्या कंपनीने वस्तू बनवून झाल्यावर ‘आता ही गरिबाला कशी देता येईल’ असा विचार सुरू केला, तिचा रुग्ण केंद्रस्थानी नव्हता.

निदानाच्या क्षेत्रातलं मुंबईतलं उदाहरण क्युअर-एआय या कंपनीचं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं सॉफ्टवेअर छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय सांगतं. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे यंत्र असतं, पण फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळणं मुश्कील. रुग्ण एक्स-रे काढून घरी जातो, अहवाल काही दिवसांनी येतो, तोवर तो कामावर गेलेला असतो आणि पुन्हा येत नाही. मधले हे दिवस काढून टाकले तर रुग्ण हातचा सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. त्यानंतर २०२२ मध्ये कंपनीत ४ कोटी डॉलर आले. पैसे लावणाऱ्यांत डेन्मार्कची नोव्हो होल्डिंग्ज होती. तिची मालकी एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे. घाई नसलेला पैसा कुठून येतो याचा हा आणखी एक नमुना: कधी सरकार, कधी कुटुंब, कधी प्रतिष्ठान.

पुण्याच्या जीवट्रॉनिक्सची गोष्ट मला विदर्भातला माणूस म्हणून विशेष भावते. आशिष गावडे आणि अनिरुद्ध अत्रे या अभियंत्यांनी ‘सन्मित्र’ नावाचं डिफिब्रिलेटर बनवलं. बंद पडू लागलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन ठिकाणावर आणणारं हे यंत्र. शहरातल्या यंत्रांना वीज लागते किंवा बॅटरी, आणि बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते. ग्रामीण दवाखान्यात ती बदलायला पैसे नसतात आणि यंत्र कपाटात पडून राहतं. सन्मित्र हाताने दांडा फिरवून चार्ज होतं. भारनियमन ज्यांनी भोगलं आहे त्यांना या दांड्याचं मोल वेगळं सांगायला नको. अशा कामाला पहिला पैसा बहुधा बायरॅकच्या अनुदानातून मिळतो. त्यातल्या ‘बिग’ योजनेत ५० लाखांपर्यंत रक्कम १८ महिन्यांसाठी मिळते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशा अनेक नवउद्योगांना जागा, यंत्रं आणि सल्ला देतं. पण ५० लाखांत नमुना तयार होतो, कारखाना होत नाही. नमुना आणि कारखाना यांच्या मधल्या दरीत अनेक चांगली कामं विरून जातात. गुंतवणूकदाराची खरी गरज तिथे आहे आणि तिथेच तो सगळ्यात कमी दिसतो.

उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीने बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तातून शेकडो तपासण्या करण्याचा दावा केला आणि ७० कोटी डॉलरहून अधिक पैसा गोळा केला. पैसे घालणाऱ्यांत बडी श्रीमंत घराणी होती. यंत्र कधीच नीट चाललं नाही. २०१६ मध्ये कंपनीला दोन वर्षांचे अहवाल रद्द करावे लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना न्यायालयाने गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांतून त्या सुटल्या. या निकालाचा मी बराच विचार केला आहे. पैसेवाल्याची फसवणूक शाबीत झाली, चुकीचा अहवाल हातात घेऊन घरी गेलेल्या माणसाची झाली नाही. त्या गुंतवणूकदारांनी यंत्र स्वतंत्रपणे तपासायचा आग्रह धरला असता, तर त्यांचा पैसाही वाचला असता आणि रुग्णाची झोपही. रुग्णाचं हित पाहणं आणि पैसा सांभाळणं या क्षेत्रात बऱ्याचदा एकच काम असतं.

आता इंझोरीकडे परत येतो. नेक्सकार१९ देशातच तयार झालं, किंमत दहावा भाग झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानोरा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तर? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. उपचार ४० लाखांचा. उरलेले ३५ लाख म्हणजे घराची सगळी जमीन, तीही विकली गेली तर. शिवाय पेशी काढणं, त्या तयार होईपर्यंत थांबणं, मग भरती आणि नंतरची देखरेख. काही आठवडे मोठ्या शहरात राहायला हवं. राहण्या-खाण्याचा खर्च कुठल्याही योजनेत नीट बसत नाही.

गुंतवणूकदाराने इथे काय करायचं? किंमत आणखी उतरवायला कंपनीला वेळ द्यायचा, हे एक. पण एकट्या कंपनीने हे होणार नाही. विकत घेणारा हवा. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं. त्यातल्या रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली तेव्हा १३०० कोटी रुपयांहून अधिक वाचले. औषधं तीच, कारखाने तेच, फक्त मागणी एका तोंडाने झाली. उत्पादकाला खपाची खात्री मिळाली की तो दर खाली आणतो, आणि अशी खात्री असली की गुंतवणूकदारही मागे हटत नाही. पेशींच्या उपचारांसाठी अशी सामूहिक खरेदी राज्याने करायला हवी. ती होईपर्यंत ‘परवडणारा’ हा शब्द पुण्या-मुंबईतल्या विमाधारकापुरताच खरा राहील.

विदर्भासाठी याहूनही जवळचा विषय आहे सिकलसेलचा. आपल्याकडच्या आदिवासी आणि दलित समाजांत हा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, अडकतात, आणि हाडं फुटावीत तशा कळा येतात. हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं स्वस्त औषध बऱ्याच जणांना आराम देतं, पण ते रोज, न चुकता, गावात मिळालं पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत या आजारावर जनुकसंपादनाचा पहिला उपचार मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या घरात. मग दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने देशी उपचार विकसित केला, त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलं, आणि २०२५ मध्ये ते तंत्रज्ञान पुढे नेण्यासाठी करार केला तो पुण्याच्या सीरमशी. करार झाला तेव्हा माणसांवरच्या चाचण्या अजून पुढेच होत्या. मेंदूज्वराच्या लसीवेळी विचारलेला प्रश्न सीरमने इथेही पहिला विचारावा, आणि तो विदर्भातल्या सिकलसेलच्या घरात येऊन विचारावा.

वाशीम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशीमचंही आहे. म्हणजे या जिल्ह्यात आता अध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत, रुग्ण तर होतेच. तरीही नव्या उपकरणांच्या आणि तपासण्यांच्या चाचण्या मुंबई-पुण्याच्या पंचतारांकित रुग्णालयांत होतात आणि तिथे यशस्वी ठरलेली वस्तू मानोऱ्यात बंद पडते. कारण चाचणीच्या ठिकाणी वीज गेली नव्हती, तिथली परिचारिका एकटी नव्हती, तिथला रुग्ण संध्याकाळच्या एसटीसाठी उठून निघाला नव्हता.

वऱ्हाडातून शिकून बाहेर पडलेले, पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत स्थिरावलेले अनेक जण दिवाळी अंक वाचतात. त्यातल्या काहींच्या हाती आज नवउद्योगांत घालण्याइतका पैसा आहे, काही जण निधींच्या निर्णय-समित्यांवर बसतात. त्यांना माझी विनंती आहे. आरोग्याच्या क्षेत्रातली कुठलीही कंपनी तुमच्यापुढे आली, की पैसे देण्याआधी एक अट घाला: चाचणीचं किमान एक केंद्र वाशीमसारख्या जिल्ह्यात असावं, आणि त्याचा खर्च गुंतवणुकीच्या रकमेतच धरलेला असावा. रुग्णाचं आणि सोबतच्या माणसाचं प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरीही त्यात मोजा. वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यात आलंच आहे. या कामाची सुरुवात तिथूनच करता येईल.